घागरीतली ढेप

१

मे महिन्यात जळगावच्या रस्त्यावर भर दुपारी जो दिसेल तो एकतर वेडा असतो, नाहीतर नवा जावई. बाकी सगळं गाव दारं-खिडक्या लावून कूलरसमोर आडवं झालेलं असतं. दिपमाला पाटील मात्र नेमकी त्याच वेळी ओट्याशी उभी राहून चहाचं पाणी उकळत ठेवायची. असल्या उन्हात वाफाळता चहा पिणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील हे तिला ठाऊक होतं. पण म्हणायला घरात होतं कोण?

नवरा गेल्या दिवाळीत गेला. अभिमनचा ठिबकच्या नळ्यांचा छोटा कारखाना होता, आणि साचे बनवून घ्यायला तो अधूनमधून चीनला जायचा. बरोबरचे व्यापारी तिथून बॅटऱ्या आणि मोबाइलची कव्हरं आणत, हा गडी चहा घेऊन यायचा. साधासुधा नव्हे, पुएर. काळाकुट्ट, ताटलीएवढ्या गोल वडीत दाबलेला, कागदात गुंडाळलेला आणि कितीतरी वर्षं जुना. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा दिपमाला म्हणाली, "अहो, ही तर सरकीची ढेप. म्हशीला घाला." तेव्हापासून घरात त्याचं नाव ढेपच पडलं.

दुपारचं जेवण झालं की अभिमन पोतं शिवायच्या दाभणानं ढेपेचा एक टवका उकलायचा. झाकणाच्या पेल्यात टाकून त्यावर उकळतं पाणी ओतायचा. पहिलं पाणी फेकून द्यायचं, ते पत्ती धुण्याचं. मग त्याच पत्तीवर दुसरं, तिसरं, चौथं, आणि म्हणे दर पाण्याला चव निराळी. "दुसऱ्या पाण्यात जुनं लाकूड लागतं बघ. चौथ्यात खारीक." दिपमालाला सगळ्याच पाण्यांत बंद तळघर लागायचं. उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, नसलेली खारीक कशी कबूल करणार? "तुम्ही प्या. मी आपला दुधाचा करते," म्हणून ती उठून जायची.

तो गेल्यावर तिनं ती चव शिकून घेतली. रोज दुपारी त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून, डोळे मिटून, एकेक घोट जिभेवर धरून. कुणी शिकवायला नव्हतं, आणि कुणाला दाखवायचंही नव्हतं. एके दिवशी चौथ्या पाण्यात खरंच खारीक लागली. तिनं झटकन डोळे उघडले आणि म्हणाली, "अहो, लागली!" समोर खुर्ची होती. त्या दिवशी ती खूप रडली.

२

ऊन चढत गेलं तशी चहाची चव उतरत गेली. लाकूड गेलं, खारीक गेली, नुसतं काळं गरम पाणी उरलं. अभिमन सांगायचा ते तिला आठवलं. हा चहा जिवंत असतो, श्वास घेतो, आजूबाजूला जे असेल त्याचा वास ओढून घेतो. म्हणून तो मसाल्यांजवळ ठेवायचा नाही, उदबत्तीजवळ ठेवायचा नाही. आणि त्याला दमट हवा लागते. उन्हाळ्यात तो ढेप मातीच्या मडक्यात ठेवून वर ओलं फडकं टाकायचा. ते मडकं दिवसकार्याच्या गर्दीत कुणाचा तरी पाय लागून फुटलं होतं.

मातीचं दुसरं भांडं घरात एकच होतं, आखाजीची घागर.

अभिमन गेल्यानंतरची ती पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्याची थोरली बहीण शेवंताबाई, घरात सगळ्यांची अक्का, त्यासाठी दोंडाईच्याहून आली होती. तिनं नवी कोरी लाल घागर आणली, पाण्यानं भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, आंबे ठेवले. गेलेलं माणूस त्या दिवशी आपल्या नावाचं पाणी प्यायला घरी येतं, अशी सगळ्या खान्देशाची समजूत. दिपमालानं हात जोडले होते, पण अक्काचं मन राखायला.

निघताना उंबऱ्यात थांबून अक्का म्हणाली होती, "दिपा, ती घागर कोरडी ठेवानी नही वं. अभिमनना नावनी भरेल शे. तिनामा रोज पानी ऱ्हावाले जोयजे."

"हो अक्का," दिपमाला म्हणाली होती, आणि विसरली होती.

आता तिनं घागरीतलं पाणी तुळशीला घातलं. कागदासकट ढेप आत ठेवली, वर मातीचं झाकण, झाकणावर ओलं फडकं. अभिमनची खोली घरातली त्यातल्या त्यात गार. तिथे त्याच्या कपड्यांच्या कपाटाशेजारी तिनं घागर टेकवली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर फडकं वाळून पापडासारखं ताठ झालेलं. मेमध्ये त्यात नवल ते काय! तिनं फडकं पुन्हा भिजवलं आणि चार थेंब घागरीच्या काठावरही शिंपडले. नवी माती पाणी पिताना सूं असा आवाज करते, तसा तो आला. ती खोलीच्या दारापर्यंत पोचली तरी येत होता. चार थेंबांच्या मानानं तो जरा जास्तच वेळ चालला, एवढं तिला जाणवलं, आणि ती कामाला लागली.

३

काही दिवसांनी तिनं ढेप बाहेर काढून टवका उकलला. दुसऱ्या पाण्यात लाकूड परत आलं होतं. चौथ्यात खारीक. पाचव्याचा घोट तिनं जिभेवर धरला आणि पेला तिच्या हातात तसाच राहिला.

कापूर घातलेलं खोबरेल तेल.

अभिमन डोक्याला तेच लावायचा. त्याच्यामागून दाढीचा साबण आला. आणि त्याच्याही मागून कारखान्यातल्या तापलेल्या प्लास्टिकचा वास, जो कितीही हात धुतले तरी त्याच्या बोटांतून कधी गेला नव्हता. घोट गिळून झाला तरी वास दरवळत राहिला. तो आत्ताच शेजारून उठून गेल्यासारखा.

दिपमालानं लगेच हिशोब जुळवला. घागर कपाटाशेजारी. कपाटात त्याचे कपडे. चहा वास ओढतो. झालं, इतकी सरळ गोष्ट. आठवीच्या पोरांनीसुद्धा उत्तर दिलं असतं. शास्त्र आपल्या बाजूला आहे म्हटल्यावर तिला मोकळेपणी हसताही आलं आणि रडताही. "आलात?" ती खुर्चीकडे बघून म्हणाली. "बसा."

मग दुपारची ती वाटच बघायला लागली. सकाळची कामं भराभर उरकायची, साडी बदलायची, केस नीट बांधायची. पुण्याहून मुलीचा, मेघाचा, फोन आला तर, "नंतर बोलू गं, चहा ठेवलाय," म्हणून ठेवून द्यायची. रोज काहीतरी नवं हाती लागायचं. कधी त्याच्या सदऱ्याला चिकटलेला शेतातल्या मोटारीच्या वंगणाचा वास, कधी प्रवासातल्या बॅगेचा.

एका दुपारी सहाव्या पाण्यात थंड, आंबूस घाम लागला. अभिमनच्या कपाळावरचा शेवटच्या सकाळचा घाम. तिनं तो स्वतःच्या पदरानं पुसला होता, आणि ती साडी तेराव्याला देऊन टाकली होती. हा वास कपाटात नव्हता. घरात कुठेच असायला नको होता.

"मनाचे खेळ," दिपमाला मोठ्यानं म्हणाली, आणि तिनं सातवं पाणी ओतलं.

४

मेघानं फोनवर एक सदरा मागितला. "पप्पांचा कुठलाही चालेल. रेवाच्या गोधडीत लावते. तिला आजोबांचा वास तरी कळेल." रेवा म्हणजे मेघाची तान्ही लेक, नुकती रांगायला लागलेली.

दिपमालानं कपाट उघडलं आणि सवयीनं आधी एक सदरा नाकाशी धरला. काही नाही. दुसरा धरला. त्यालाही नाही. तेलाचा नाही, साबणाचा नाही, नुसत्या कापडालाही काही वास असतो, तोही नाही. कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या होत्या. एक उचलून तिनं अगदी नाकाला लावली. गुळगुळीत पांढरा खडा, एवढंच.

नाक गेलं, असं तिला वाटलं. कोरोनात अनेकांचं गेलं होतं. स्वयंपाकघरात जाऊन तिनं हिंगाची डबी उघडली, तर असा भपकारा आला की ती मागे सरली. नाक ठणठणीत होतं. परत खोलीत येऊन तिनं उदबत्ती लावली. धूर छान निघाला, छतापर्यंत गेला, डोळ्यांना झोंबला. वास मात्र आला नाही. अभिमनची उशी उराशी धरून ती पलंगावर बसली, आणि ती उशी दुकानातल्या उशीहूनही कोरी होती.

मग तिला सगळं लख्ख कळलं. अभिमन आता कपाटात नव्हता, उशीत नव्हता. जेवढा उरला होता तेवढा त्या ढेपेत होता. आणि ती स्वतःच रोज दुपारी दाभणानं त्याचा टवका काढत होती आणि पिऊन टाकत होती. ढेप तळहाताएवढीच राहिली होती.

"सदरा सापडत नाहीये गं," तिनं मेघाला सांगितलं. यापुढे घोटभरसुद्धा प्यायचा नाही, अशी तिनं शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी दुपार झाली. घर गप्प, रस्ता गप्प. अख्ख्या दिवसात तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. आज शेवटचा, असं म्हणून तिनं पाणी ठेवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली.

५

भरीत करायला घेतलं तेव्हा गोष्ट पुढे सरकल्याचं तिच्या लक्षात आलं. वांगं आचेवर तडतडत होतं, साल करपत होती, आणि स्वयंपाकघरात वास नव्हता. खान्देशात वांगं भाजावं आणि शेजारच्या गल्लीला कळू नये? तिनं गॅलरीचं दार उघडलं. बाहेर तापलेल्या डांबराचा वास होता, कुणाच्या तरी फोडणीचा होता. आत आली की काही नाही. आता सगळं घरच तसं झालं होतं.

तिनं अक्काला फोन लावला. काय सांगावं ते सुचेना, म्हणून तब्येतीची चौकशी केली. अक्कानंच विचारलं, "घागरमा पानी भरस ना तू?"

दिपमालानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दिपा?"

"चहा ठेवलाय तिच्यात, अक्का. त्यांचा."

 अक्का हळू आवाजात म्हणाली, "काढी टाक तो. आजच. पानी भर काठलोंग. तहान लागनी म्हंजे जे समोर ऱ्हास ते पेतस वं, माय."

"कोण अक्का? हेच आहेत ना?"

"मी काय सांगू? पानी भर तू."

"भरते," दिपमाला म्हणाली, आणि भरलं नाही. ढेप बाहेर काढून ठेवली तर या उन्हात दोन दिवसांत तिचं वाळकं गवत होणार. पाण्यात गेली तर एका झटक्यात चिखल. दोन्हीकडून अभिमन जाणार. एकदा गेला तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. आता होतं, आणि ती सोडणार नव्हती.

त्या दुपारी पाचव्या पाण्याला तेल लागलं नाही, कापूर लागला नाही. लागली शिकेकाई, खळ घातलेलं सुती कापड, आणि त्याखाली कुणाच्या तरी अंगाचा कोमट वास. बाईमाणसाचा. दिपमालानं तो पुन्हा पुन्हा घोळवून पाहिला, पण ओळख पटेना. तिला चक्क राग आला. "अहो, ही कोण?" तिनं खुर्चीला विचारलं.

तेवढ्यात अभिमनच्या खोलीतून आवाज आला. सूं. माती पाणी पिते तसा. फडकं सकाळी भिजवलं होतं, ते केव्हाच वाळलं असणार. आवाज थांबला. पुन्हा आला. लांब, मग थांबला, मग लांब. दिपमाला पेला ओठांशी धरून ऐकत राहिली, आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं की हे पिणं नाही. पिणारं माणूस असं थांबत नाही. हे हुंगणं होतं.

ती उठून बघायला गेली नाही. हेच असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुसरं कोण असणार?

६

मेघा न कळवताच आली. आई फोन धड घेत नाही म्हणून तिनं रेवाला उचललं आणि पुण्याहून गाडी पकडली. दारात आल्या आल्या तिनं लेकीला आजीच्या हातात दिलं.

रेवाची एक सवय होती. आजीकडे आली की पहिल्यांदा मानेत नाक खुपसायची आणि तशीच पडून राहायची. या वेळीही तिनं नाक खुपसलं. मग मान काढली, दिपमालाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि परक्याकडे गेलेल्या मुलासारखा टाहो फोडला.

"विसरली गं," मेघा हसत म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडली. पडली आणि जरा थबकली. "आई, साबण बदललास का?"

"नाही."

"मग… काही नाही. जाऊ दे."

जेवणं झाली तरी रेवाचं रडं थांबेना. मेघा तिला सतरंजीवर खेळणी देऊन अंघोळीला गेली. दिपमाला ओट्यावरची भांडी आवरत होती. एकाएकी रडं बंद झालं. तिनं वळून पाहिलं. सतरंजी रिकामी होती, आणि अभिमनच्या खोलीचं दार किलकिलं होतं.

रेवा घागरीला मिठी मारून बसली होती. गाल मातीला लावून, अंगठा तोंडात घालून, डोळे मिटून. दिपमालाच्या खांद्यावर ती अशीच पडून राहायची. कोमट अंगाचा तो वास कुणाचा होता, ते दिपमालाला आत्ता समजलं. तो तिचा स्वतःचाच होता.

घागरीचं झाकण बाजूला पडलं होतं. या खोलीत पंखा नव्हता, खिडकी बंद होती, वाऱ्याची झुळूक नव्हती. तरी रेवाच्या टाळूवरचं मऊ जावळ उभं राहून घागरीच्या तोंडाकडे ओढलं जात होतं. सूं आवाज सुरू होता, आणि तो जावळाच्या टोकांना हलवत होता. दिपमाला पुढे झाली तेव्हा क्षणभर तिला आतलं दिसलं. ढेपेचा उरलेला तुकडा होता. त्याच्याखाली घागरीचा तळ असायला हवा होता. तो नव्हता. तिथून काहीतरी वर तोंड करून पोरीला हुंगत होतं.

"अहो, नको," ती म्हणाली. "हिला नको. अहो, ही आपली रेवा."

आवाज थांबला नाही. नाव ऐकून तो जरासुद्धा अडखळला नाही, आणि मग दिपमालाला आशा उरली नाही. कोण होतं ते देव जाणे. अभिमन नातीचं नाव ऐकून थांबला असता.

तिनं रेवाला एका हातानं ओढून काखेत घेतलं. पोरगी घागर सोडेना, किंचाळायला लागली. कूलरसाठी भरलेली बादली दारातच होती. आपण काय ओतून टाकतोय ते दिपमालाला पुरतं माहीत होतं, तरी तिनं ती उचलली. तिनं बादली घागरीत उपडी केली. छोटीशी घागर ती, पण सगळं पाणी गेलं आणि काठापर्यंत काही आलं नाही. तिनं स्वयंपाकघरातली बादली आणली, मग पिण्याच्या पाण्याचा हंडा. माती फसफसत होती, पीत होती. हंडा संपता संपता पाणी वर आलं. काळंभोर, गार, पत्तीच्या चिंध्यांनी भरलेलं. काठावरून ओघळून ते फरशीवर पसरलं आणि आवाज थांबला.

मग वास आले. एकदम सगळे आले. हिंग, करपलेलं वांगं, उदबत्ती, डांबराच्या गोळ्या, शिकेकाई. आणि त्या सगळ्यांच्या वरून खोलीभर, भिंतीभर, कापूर घातलेलं खोबरेल तेल. अभिमन अंघोळ करून खोलीत आला की असंच व्हायचं. दिपमालानं छाती भरून श्वास घेतला. दुसरा घेतला तोवर काही उरलं नव्हतं. ओली माती होती, एवढंच.

मेघा ओल्या केसांनी धावत आली. "काय झालं? हे पाणी कसलं?" तिनं फरशी पाहिली, घागर पाहिली, रेवाला चाचपून पाहिलं. रेवा रडायची थांबली होती. तिनं आजीच्या मानेत नाक खुपसलं होतं आणि ती निवांत पडली होती. दिपमालाला वाटलं, सुटलो.

मेघा आईजवळ आली आणि जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा बदलला. तिनं आईच्या खांद्यावर तोंड टेकवलं, खोल श्वास घेतला, आणि बापाच्या मयतीलाही जी पोरगी एवढी रडली नव्हती ती हमसून हमसून रडायला लागली.

"आई, तुला पप्पांचा वास येतोय. ते तेल… आणि त्यांच्या बोटांचा. आई, तुझ्या हातालाही येतोय."

दिपमालानं हात नाकाशी नेला. मग पदर, मग केसांची बट. तिला काहीच आलं नाही. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही, नाक तो मोजायचाच सोडून देतं, हे तिनं कितीतरी वर्गांना शिकवलं होतं. तिनं पुन्हा हुंगलं. आणखी एकदा हुंगलं.

"हलू नकोस ना," मेघा खांद्यातूनच म्हणाली. "अशीच थांब थोडा वेळ."

दिपमाला थांबली. एका खांद्यावर लेक, एका खांद्यावर नात, दोघींनी तिला घट्ट धरलं होतं, आणि दोघींनाही तो सापडला होता.